पोरांना घेऊन एका दिवसाचं जंगल: कान्हेरी की कर्नाळा?

डिसेंबर उजाडला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा प्रश्न ठरलेला. मुलं पाच ते दहाच्या मधली, हातात एकच दिवस, मुक्काम नको, रिसॉर्ट तर नकोच नको, पण पोरांनी जरा झाडांमधून चालावं, घाम गाळावा असं वाटतंय, तर बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीच्या लेण्यांना जावं की पनवेलच्या पुढे कर्नाळ्याच्या किल्ल्याला? दोन्हीकडे आम्ही पोरं घेऊन जाऊन आलोय, वेगवेगळ्या मोसमात, त्यामुळे जे लिहितोय ते आमच्या पायांचं मत आहे (आणि माझ्या खांद्याचंसुद्धा, कारण धाकटा परतीला तिथेच बसतो). सगळ्यांना पटेल असं नाही.

कर्नाळा हे पक्षी अभयारण्य आहे, राष्ट्रीय उद्यान नाही, हे माहितीये. पोरांना त्याने काही फरक पडत नाही.

जायचं कसं यात फार वेळ घालवत नाही. वेस्टर्न लाइनवाल्यांना बोरिवली स्टेशनपासून पार्काचं गेट चालत जाण्याच्या अंतरावर, नवी मुंबई-पनवेलवाल्यांना कर्नाळा म्हणजे अर्ध्या तासाचं काम, आणि आम्ही ठाण्याचे, म्हणजे घोडबंदर रोडला अडकायचं की पनवेलच्या रस्त्याला एवढाच चॉइस. वैताग असा की नॅशनल पार्कचं जंगल आमच्या येऊरलाच येऊन टेकतं, पण इकडून घुसून कान्हेरीला उतरायचं तर तसं मनाला येईल तेव्हा चालत जाता येत नाही, मोठ्ठा वळसा घालून बोरिवलीच्या गेटलाच जायचं.

आधी कर्नाळ्याबद्दल चांगलं बोलतो, कारण चांगलं बरंच आहे. गाडी हायवेलगत लावली, तिकीट काढलं, गेटवर पिशव्यांतलं प्लॅस्टिक मोजून डिपॉझिट घेतात ते भरलं (हे मला फार आवडतं, आपल्याकडे सगळीकडे करायला पाहिजे) आणि पाच-दहा मिनिटांत तुम्ही खऱ्याखुऱ्या जंगलात असता. बस नाही, डांबरी रस्त्याची तंगडतोड नाही. वाट बऱ्यापैकी सावलीतली, आणि सकाळी लवकर गेलात तर पक्षी ऐकू येतात म्हणजे काय येतात! भृंगराज तर इतक्यांच्या नकला करतो की मोठी दर वेळी दुर्बीण भलत्याच झाडावर लावते. हायवेचे हॉर्न बराच वेळ पाठ सोडत नाहीत, ते सोडून द्यायचं. जाताना पळस्प्याला दत्त स्नॅक्समध्ये कोथिंबीर वडी होते, पुढे शिरढोण लागतं, वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव, आणि त्यांचे आजोबा याच कर्नाळ्याचे किल्लेदार होते हे सांगितलं की मुलं गाडीतच कान टवकारतात. किल्ल्याला तसा इतिहासही दमदार. पुरंदरच्या तहात, १६६५ मध्ये, मोगलांना द्यावे लागलेले जे २३ किल्ले त्यात हा होता, नंतर महाराजांनी परत घेतला, आणि १८१८ ला इंग्रजांकडे गेला. वरून प्रबळगड, माणिकगड वगैरे मंडळी दिसतात. हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी वरचा अर्धा तास अगदी वसूल.

आता जे मला खटकतं ते. कर्नाळ्याच्या किल्ल्याची वाट एकच आहे आणि ती वर जाते. दीड तास म्हणा पोरांबरोबर, थांबत थांबत गेलात तर जास्त. खालच्या दाट झाडीत डावीकडे झाडं, उजवीकडे झाडं, पुढे चढ. मोठ्यांना हेच हवं असतं, आपण त्यासाठीच आलेलो असतो, पण साडेपाच वर्षांच्या पोराला दर वळणानंतर दिसणारं पुढचं वळण अगदी मागच्यासारखंच दिसतं. आणि मग सुरू होतं, "बाबा, अजून किती राहिलं?" थोडंच. दोन मिनिटांनी परत, "अजून किती?" हे आलंच. "मघाशी पण तू हेच म्हणालास." मग गोष्ट सांगा, मग चिक्की द्या, मग पुढच्या दगडापर्यंत शर्यत, मग उतरणाऱ्या एखाद्या कॉलेजवाल्याने "अरे अजून बराच आहे" असं सांगून केलेली सगळी मेहनत मातीत घालायची. बायको एकदा म्हणाली की मी चढाने नाही दमले, उत्तरं देऊन दमले.

यात भर घालतो तो किल्ल्याचा अंगठा. हायवेवरून लांबूनच तो सुळका दिसायला लागतो, आणि तो दिसतोच असा की कुठलंही पोर म्हणणार, आपण तिथे वर जाणार ना? मग ते डोक्यात बसतं. सगळा चढ ते पोर त्या अंगठ्याच्या टोकासाठी चढतं. आणि वर पोचल्यावर, कर्णाई देवीचं देऊळ झालं, दरवाजा झाला, पायऱ्या झाल्या, सुळक्याच्या पायथ्याची खोदलेली टाकी आणि कोठारं बघून झाली, तेव्हा कळतं की ट्रेक इथेच संपला. सुळक्यावर जायला दोर-बीर लावून चढणारे गिर्यारोहक लागतात, शिवाय वर आग्यामोहोळं लटकलेली, त्यामुळे खाली आरडाओरडासुद्धा करायचा नाही. धाकट्याने मान वर करून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "मग आपण आलो कशाला?" याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. प्रबळगड दाखवला, त्याला त्यात काडीचा रस नव्हता.

तर कान्हेरी. इथे मुख्य फरक असा की पोहोचायचं असं एकच ठिकाण नाही. १०९ लेणी आहेत, ती डोंगरभर पसरलीयेत, आणि एका लेण्यातून बाहेर आलं की दुसऱ्याचं दार दिसत असतं. पोराने विचारायच्या आत ते पुढे पळालेलं असतं. चढ आहे बरं का, अगदी वरपर्यंत गेलात तर पोटऱ्या बोलतात, खडकात कोरलेल्या पायऱ्या काही ठिकाणी मोठ्यांच्याही गुडघ्याला लागणाऱ्या, पण तो चढ असा तुकड्या-तुकड्यात येतो की मुलांना तो चढ वाटतच नाही. आणि दमलं कुणी तर कुठूनही मागे फिरा, काही अर्धवट राहिलं असं वाटत नाही. सगळी लेणी आम्ही अजून बघितलेली नाहीत आणि कुणाला त्याचं काही वाटतही नाही.

बहुतेक लोक काय करतात, तिसऱ्या नंबरच्या चैत्यात, म्हणजे प्रार्थनेच्या मोठ्या दालनात जातात, तो सातवाहनांच्या वेळचा मोठा स्तूप आणि व्हरांड्यातल्या दोन्ही टोकांच्या वीस फुटांहून उंच बुद्धमूर्ती बघतात, फोटो काढतात, अकराव्या लेण्यात लांबलचक दगडी बाकांमध्ये जरा बसतात आणि खाली. तसं करू नका. खरी मजा वरच्या छोट्या लेण्यांत आहे, जिथे भिक्षू राहायचे. एक खोली, भिंतीला लागून दगडाचाच पलंग, बाहेर बसायला बाक, आणि दाराशी पाण्याची पोढी, म्हणजे खडकात खोदलेलं टाकं. म्हणजे वन आरके, ओट्यासकट! मोठी त्या पलंगावर आडवी होऊन बघते की तिची उंची मावते का, धाकटा दाराच्या चौकटीतली भोकं शोधतो, लाकडी दार बसवायची ती. आणि पाण्याची व्यवस्था तर मुलांना दाखवाच. डोंगराच्या उतारावर खडकात बारीक पन्हळी कोरल्यात, काही तर बोटाएवढ्या, पावसाचं पाणी वाहून पोढीत पडेल अशा. माझ्या पोरीने बाटलीतलं उरलेलं पाणी एका पन्हळीत वरून ओतलं आणि ते कुठे जातंय त्याच्या मागे उकिडवी चालत गेली. ओघळ वळला, दोन फूट थांबला, एका खाचेत भरला, परत निघाला, आणि पोढीच्या अलीकडे वाळलेल्या पानांत जिरला. मग बायकोची बाटली मागितली. ती दिली नाही, प्यायला पण लागतं. पण "अजून किती" हा शब्द त्या दिवशी कुणाच्या तोंडून निघाला नाही, आणि माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

एक सांगायचं राहिलं. नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत, इसवी सन १००९ आणि १०२१ चे, तेव्हा आलेल्या पारशी लोकांनी आपली नावं कोरून ठेवलीयेत. हे पोरांना सांगताना जरा जपून. आमच्याकडे लगेच प्रश्न आला की मग भिंतीवर नाव लिहिलं तर चालतं का. हजार वर्षांपूर्वी चालायचं, आता दंड होतो, एवढ्यावर मी विषय संपवला.

आता कान्हेरीच्या कटकटी, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलंय. मेन गेटपासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत, आणि तो रस्ता डांबरी. मोठी माणसं सकाळी सकाळी चालत जातात, छान वाटतं, पण लहान मुलांचे पाय त्या डांबरावरच संपवले तर लेण्यांत काय उरणार, म्हणून आतली बस पकडा. रविवारी अकरानंतर गर्दी होते, रील करणारे, कॉलेजचे घोळके, सगळेच. कान्हेरीचं तिकीट वेगळं, ते पुरातत्त्व खात्याचं, पंधरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. आणि माकडं! वेफर्सच्या पाकिटाचा आवाज त्यांना तीन लेणी पलीकडे ऐकू जातो. खाणं बस सुटायच्या आधी आटपा, वर नेलंच तर सॅकच्या तळाशी डब्यात, प्लॅस्टिकची पिशवी हातात तर अजिबात नको. खाली काकडी, बोरं विकायला बसलेल्या बायका असतात, घ्यायची तर उतरल्यावर घ्या आणि तिथेच संपवा. पोरं पहिल्यांदा घाबरतात, मग सरावतात, पण माकडाच्या डोळ्यात डोळे घालून बघायचं नाही हे आधी शिकवून ठेवलेलं बरं.

आणि हो, जंगल म्हणून बघाल तर कर्नाळा सरस आहे, हे मान्य. कान्हेरीच्या माथ्यावरून झाडांच्या पलीकडे टॉवर दिसतात, मुंबई काही तुम्हाला विसरू देत नाही. (मला स्वतःला ते आवडतं, एवढं जंगल आणि त्यात बिबटे एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात टिकलेत म्हणून, पण ते माझं.) ज्यांना नॅशनल पार्कातच आणखी आतलं काही हवंय त्यांनी शिलोंड्याची वाट विचारा, निसर्ग माहिती केंद्राकडून आधी परवानगी आणि सोबत गाइड लागतो, ओढ्याकाठची वाट आहे, फार चढ नाही. इथलं कारवीचं झुडूप फुलतं ते दर आठ वर्षांनी, २०१६ ला आणि २०२४ ला फुलून गेलं, म्हणजे पुढचा बहर २०३२ ला, तोवर धाकटा आपल्याबरोबर येईल की नाही कोण जाणे.

मुलं दहा-अकराच्या पुढची असतील, एखाददुसरा किल्ला झालेला असेल, किंवा घरात पक्ष्यांचं वेड असेल तर कर्नाळा घ्या, खुशाल घ्या, शेवटच्या कातळाच्या टप्प्यात हात धरायला माणशी एक मोठं माणूस असू द्या आणि पावसाळ्यात त्या टप्प्याच्या फंदात पडू नका, निसरडं होतं. आजी-आजोबा बरोबर असतील, किंवा एक मूल सहाच्या आतलं असेल, तर मी तरी कान्हेरीच म्हणेन. आजोबा चैत्यात बसतात, बाकीचे वर जाऊन येतात, कुणी कुणाला ओढत नाही. फक्त सोमवारी नॅशनल पार्क बंद असतं, तेवढं कॅलेंडर बघून ठरवा. पोरं जेवढ्या लवकर उठतील तेवढ्या लवकरची बस धरा.

आणि एवढं वाचूनही कर्नाळ्यालाच निघणार असाल, तर पळस्प्याच्या आधीच, वडी खायच्या आधीच, पोरांना सांगून टाका की त्या अंगठ्यावर कुणी चढणार नाहीये.