शाकुदोची फुची-काशिरा: घ्या, पण पितांबरी लांब ठेवा

तोक्योत तलवारीचं जुनं सुटं सामान विकणाऱ्या एका छोट्या दुकानातून ही जोडी घेतली. फुची म्हणजे मुठीच्या परजेकडच्या, म्हणजे पात्याच्या बाजूच्या, टोकाचं कडं, काशिरा म्हणजे दुसऱ्या टोकाची टोपी. एदो काळातली, म्हणजे जपानच्या सामुराई राजवटीतली (१६०३–१८६८), कारागिराची सही नाही, म्हणून ६०,००० येनला मिळाली. सही असती तर नुसती बघून आलो असतो. १८७६ मध्ये तलवार बाळगायला बंदी आली आणि असं सामान मोकळं झालं. दुकानदाराचे खणच्या खण भरलेत.

माझं आजोळ पुण्याच्या तांबट आळीतलं. काळं पडलेलं तांबं दिसलं की हात घासायला शिवशिवतात. इथे मात्र त्या काळ्या रंगाचेच पैसे! शाकुदो म्हणजे तांब्यात थोडं सोनं, साधारण चार टक्के. घडवून झालं तरी दिसतं तांब्यासारखंच. मग त्याला किसलेल्या मुळ्याचा रस लावतात आणि रोकुशो नावाचा जंगाल (तांब्यावरचा हिरवा गंज) व मोरचूद घातलेल्या पाण्यात उकळतात. तेव्हा कुठे तो जांभळट झाक असलेला काळा रंग चढतो. त्याच पाण्यात साधं तांबं टाकलं तर ते तांबूस-तपकिरीच होतं. घेताना वस्तू उजेडात तिरकी धरा. काळा रंग फासलेला असेल तर ही झाक दिसत नाही.

फुचीवर सगळीकडे नानाको आहे, खसखशीसारखे बारीक दाणे. एकेक दाणा पोकळ तोंडाच्या खिळ्याने ठोकलेला. भिंगातून ओळी मोजत बसलो. वळणावरसुद्धा ओळ सुटलेली नाही. त्यावर सोन्याची शेवंती आणि शिबुइचीची पानं. शिबुइची म्हणजे तांबं-चांदीचा मिश्रधातू, रंग राखाडी. खरं सांगू, मला सोन्यापेक्षा ती पानंच जास्त आवडली.

काशिरेच्या कडेला रंग झिजून तांबं डोकावतंय. दुकानदाराने ते आधीच दाखवलं होतं, त्यामुळे तक्रार नाही. तलवारीला नोंदणीचा कागद लागतो, सुट्या फुची-काशिरेला नाही, नवख्याला सोयीचं.

उघड्या बोटांनी हाताळू नका, कोरडं मऊ सुती कापड पुरे. घासलीत तर रंग गेलाच, आणि तो परत चढवणारा कारागीर शोधत फिरा.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापला तो खोक्यासाठी, जोडी आत खुळखुळते.