महाग शॅम्पू की स्वस्त: नागपूरच्या उन्हात आणि बोअरच्या पाण्यात

भाचीचं लग्न डिसेंबरात आहे. परवा तिनं दोन बाटल्यांचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "मावशी, यातली कोणती घेऊ सांग ना." एक सलूनमध्ये मिळणारी, १,१५० रुपयांची. दुसरी किराणा दुकानात, साबणांच्या शेजारी ठेवलेली, १८० रुपयांची. चार वर्षांपूर्वी मीही याच प्रश्नाशी अडले होते आणि दोन्हीकडे पैसे घालून पाहिलेत. तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी माझी परिस्थिती सांगते, म्हणजे तुमची वेगळी असेल तर तुम्हाला त्यातलं हवं तेवढं घेता येईल. केस कमरेपर्यंत, सरळ. रंग नाही, स्ट्रेटनिंग नाही. घर बेस्याकडे, नोकरी सिव्हिल लाइन्सला, जाणं-येणं स्कूटीवर. म्हणजे मार्चपासून पाऊस पडेपर्यंत डोक्याला घट्ट स्कार्फ. आणि पाणी बोअरचं. शहरात नळाला कन्हान-पेंचचं पाणी येतं, आमच्या लेआउटमध्ये उन्हाळ्यात बोअर आणि टँकर यांच्यावरच भिस्त.

हे पाणी किती खारं आहे ते मला आमचा कूलर सांगतो. दरवर्षी मार्चच्या आसपास कूलर बाहेर काढला की गेल्या वर्षीच्या ताट्या हातात मोडतात. काडीकाडीवर पांढरा थर चढलेला असतो, नख लावलं की खपली सुटते. पंपाच्या नळीचं तोंड अर्धं बुजलेलं. हे सगळे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, आणि तेच पाणी मी डोक्यावर घेते. केस खरखरीत का होतात, कंगवा का अडकतो, याचं अर्धं उत्तर त्या ताटीत आहे. शॅम्पूच्या जाहिरातीतल्या बाईच्या घरी बोअर नसतो, एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

सलूनची बाटली मी जवळजवळ दोन वर्षं वापरली. पहिला महिना फार छान गेला, खोटं कशाला बोलू. धुतानाच केस बोटांतून सुटत होते. वास दुसऱ्या दिवशीपर्यंत राहायचा, पण डोक्यात भरेल असा नाही. ऑफिसात दोघींनी विचारलं, काय लावलंस म्हणून. पैसे वाया गेले असं तेव्हा एकदाही वाटलं नाही.

मग मे उजाडला.

नवतप्यात, म्हणजे मेअखेरीच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, संध्याकाळी घरी येऊन स्कार्फ सोडायचा म्हणजे काय, ते इथल्या बायकांना सांगायला नको. मानेवरचे केस घामानं ओले होऊन तिथेच वाळलेले, त्यात रस्त्याची धूळ, आणि स्कार्फच्या गाठीखाली घासून घासून सुपारीएवढा गुंता. तो गुंता कोरडा सोडवायला गेलं की केस तुटायचा आवाज कानाला ऐकू येतो. त्या दिवसांत एक दिवसाआड तरी डोकं धुवावंच लागतं, आणि मुळापासून धुवावं लागतं.

इथे माझा हात आखडायला लागला. एवढी महाग बाटली, तर पंप अर्धाच दाबायचा. तळहातावर रुपयाएवढं घ्यायचं आणि कमरेपर्यंतच्या केसांना तेवढ्यात भागवायचं. खाऱ्या पाण्यात आधीच फेस बेताचा, त्यात शॅम्पू कमी. वरचे केस गुळगुळीत दिसायचे आणि मुळाशी घाम-तेल तसंच. दोन दिवसांनी खाज. मग वाटायचं, परवाच तर धुतलेत, आज राहू दे. असं करत मी चार-चार दिवस अंबाडा घालून काढले, तेही मेमध्ये. हातात उत्तम वस्तू होती आणि डोकं अस्वच्छ होतं.

एकदा माझा मुलगा मैदानावरून आला, न्हाणीत गेला आणि त्यानं त्या बाटलीतलं ओंजळभर घेऊन डोक्याला चोपडलं. मी ओरडले. चांगली मोठ्यानं ओरडले. तो नुसता बघत राहिला आणि म्हणाला, "आई, शॅम्पूच तर आहे ना." मला फार वाईट वाटलं. त्या रात्री बाटली उचलून कपाटात ठेवली. माझ्यासाठी निर्णय तिथेच झाला, बाकीची कारणं मी नंतर शोधली.

ती कारणंही सांगते, कारण ती खोटी नाहीत.

केस म्हणजे मेलेला तंतू. जिवंत असतं ते त्वचेखालचं मूळ. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. माझ्या केसांची टोकं म्हणजे पाच-सहा वर्षं जुनी, तेवढेच नवतपे सोसलेली. शॅम्पू त्यांचं 'पोषण' करतो या म्हणण्याला फारसा अर्थ नाही. तो डोक्यावर मिनिटभर राहतो, मळ आणि तेल काढतो आणि मोरीत जातो. हे काम स्वस्त बाटली चोख करते. दोन्हींच्या मागची बारीक अक्षरं शेजारी ठेवून वाचा. पाणी, सोडियम लॉरेथ सल्फेट, कोकामिडोप्रोपिल बीटेन: सुरुवात बऱ्याचदा हीच दिसेल. काही महाग शॅम्पूंत सौम्य द्रव्यं असतात, हेही खरं. पण ज्या अर्गनच्या किंवा बदामाच्या तेलाचं चित्र पुढे छापलेलं असतं, त्याचं नाव यादीत (तिथे साधारणपणे जे जास्त ते आधी लिहितात) सुगंधाच्याही नंतर आलं असेल, तर ते नावापुरतंच आहे असं मी समजते. खाऱ्या पाण्याच्या बायकांनी यादीच्या शेवटाकडे ईडीटीए हा शब्द शोधावा, तो कॅल्शियमला धरून ठेवतो. तो पुष्कळ स्वस्त शॅम्पूंतही असतो.

कंपन्यांचंही तसंच. स्वस्त क्लिनिक प्लस आणि त्याहून महाग ट्रेसमे दोन्ही हिंदुस्तान युनिलिव्हरचे. किराणातला गार्निए आणि सलूनमधला केरास्तास दोन्ही लॉरिआलच्या घरातले. म्हणून आतला माल एकच असतो असं माझं म्हणणं नाही, पण ज्या ज्ञानाचा पैसा आपण महाग बाटलीत मोजतो, त्यातलं थोडंफार खालच्या बाटलीतही झिरपत असावं.

माझ्या मनाची खात्री मात्र पावसानं केली. जुलैत गच्चीच्या पन्हाळीखाली बादली ठेवून स्वच्छ पाणी धरलं आणि त्यानं डोकं धुतलं, स्वस्त शॅम्पूनं. केस असे मऊ निघाले की मला कपाटातल्या बाटलीची आठवण झाली. पुढच्या खेपेला तीच बाटली काढून पावसाच्याच पाण्यानं धुवून पाहिलं. वास सोडला तर फरक मला तरी हाताला लागला नाही. प्रयोगशाळेतलं मोजमाप म्हणून हे कुणी घेऊ नये, माझ्या एकटीच्या केसांवर दोन धुण्यांत जे कळलं तेवढंच सांगते. पण तेव्हापासून मला असं वाटतं की मी जास्तीचे पैसे केसांपेक्षा पाण्यापायीच मोजत होते. आता शेवटचे दोन मग आरओच्या पाण्याचे घेते आणि त्याचा गुण येतो.

स्वस्ताची खोडही सांगायला हवी. ओंजळभर घेऊन दोनदा धुतलं की मुळं लख्ख होतात, पण टोकं चरचरीत वाजतात. नुसता स्वस्त शॅम्पू लावून सोडून दिलं तर महिन्याभरात तुम्ही मला बोल लावाल. म्हणून कंडिशनर चुकवू नका, आणि तो कानाखालच्या केसांनाच लावा. घासलेल्या, झिजलेल्या केसावर ऋण विद्युतभार जास्त असतो. कंडिशनरमधली धन भाराची द्रव्यं, बेहेनट्रायमोनियम क्लोराइड वगैरे, नेमकी तिथे जाऊन चिकटतात आणि धुतल्यावरही थोडी मागे राहतात. शॅम्पूपेक्षा इथे पैसा टिकतो. मी कंडिशनर मधल्या किमतीचा घेते, साधारण ३०० रुपयांचा. स्कार्फखालचा तो गुंता आता कंडिशनर लावलेला असतानाच, मोठ्या दाताच्या कंगव्यानं, खालून वर सोडवते. केस तुटायचा आवाज जवळजवळ थांबलाय.

हिशेबाचं फार लांबवत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून शॅम्पू आणि केसांच्या तेलावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, पण तो दोन्ही बाटल्यांवर उतरला, त्यामुळे पटीत पाहिलं तर दोघींमधली दरी होती तशीच आहे. सलूनची बाटली मी एकटी, थेंब मोजत, दोन महिने पुरवायचे. १८० रुपयांची आम्ही तिघं मिळून हवी तशी वापरतो आणि तरी महिना निघतो. बाटली घेण्याआधी दोन रुपयांच्या पुड्या आणून आठवडाभर लावून बघा. त्यानं कुणाचं नुकसान होत नाही.

सासूबाईंचा कौल अर्थातच तिसरा. त्या इतवारीतून शिकेकाई, रिठा, आवळा आणवतात आणि लोखंडी कढईत उकळतात. "एवढ्या पैशात तर वर्षाची शिकेकाई येते," हे त्या माझी महागडी बाटली दिसली की म्हणायच्या. त्यांचे केस पंच्याहत्तरीतही दाट आहेत आणि मला त्यांच्याशी वाद घालायचा नाही. फक्त सकाळी साडेनऊला सिव्हिल लाइन्सला पोचायचं असताना लांब केसांतून शिकेकाईचा बारीक चोथा काढत बसणं मला जमत नाही. रविवारी जमतं, तेव्हा करते.

आता ज्यांनी महागच घ्यावा त्यांच्याविषयी. केस ब्लीच केले असतील, ठळक रंग लावला असेल किंवा केमिकलनं सरळ केले असतील, तर माझा अनुभव तुमच्या कामाचा नाही. त्या केसांचा आतला बंधच सैल झालेला असतो, आणि त्यासाठी बनवलेल्या काही सलूनच्या वस्तूंमध्ये खरोखर वेगळं, पेटंट घेतलेलं रसायन असतं. चार-पाच हजार रंगावर घालून पुढे शॅम्पूत काटकसर केली आणि रंग लवकर उतरला, तर ती बचत कसली? दाट कुरळ्या केसांच्या माझ्या मैत्रिणीही महागाच्याच बाजूच्या आहेत आणि त्यांचे केस बघून मला त्यांचं पटतं. कोंडा असेल तर मात्र महाग-स्वस्त हा विचारच सोडा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. केटोकोनॅझोलच्या औषधी शॅम्पूचं काम सुवासिक बाटली करत नाही.

भाचीचे केस माझ्यासारखेच आहेत, रंग न लावलेले, आणि राहते मनीषनगरला, म्हणजे पाणीही फारसं वेगळं नाही. तिला म्हटलं, १८० ची घे आणि हात मोकळा ठेवून वापर. उरलेल्या पैशांतून कंडिशनर आण, आणि आत्ताच दोन बोटं टोकं कापून घे, ती कुठल्याच बाटलीनं सुधारणार नाहीत. ती थोडी हिरमुसली. "मग लग्नाच्या आठवड्यापुरती तरी ती दुसरी घेऊ का?"

घे म्हटलं. छोटी घे, आधी दोनदा लावून बघ, आणि त्या आठवड्यात थेंब मोजू नकोस.