चुकलेला नेम की मोडलेली निष्ठा?

कोल्हापुरात वाइल्डर मेमोरियल चर्चला जाणाऱ्यांच्या कानावरून बायबलमधलं स्तोत्र ५१ कितीदा तरी गेलेलं असतं. मराठीत तिथे ‘पाप’ आणि ‘अपराध’ लागोपाठ येतात. मूळ हिब्रूत ते ‘हत्तात’ आणि ‘पेशा’. (आपल्या धंदा-पेशाशी याचा काही संबंध नाही.)

‘हत्तात’च्या धातूत नेम चुकणं आहे. बायबलच्या ‘शास्ते’ या पुस्तकातले (२०:१६) ७०० डावखुरे बन्यामिनी, म्हणजे इस्राएलातल्या बन्यामीन वंशाचे लोक, गोफणीनं केसावर धोंडा मारत आणि चुकत नसत. तिथे हाच धातू. जोंधळ्याच्या माळ्यावरून पाखरं राखलेल्या आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही.

‘पेशा’ मात्र उघड बंड. इस्राएलशेजारच्या मवाब देशाचा राजा मेशा इस्राएलच्या राजाला १ लाख कोकरं आणि १ लाख एडक्यांची लोकर द्यायचा. इस्राएलचा राजा अहाब मेला आणि मेशा उलटला. बायबलच्या ‘२ राजे’ पुस्तकात (३:५) तिथलं क्रियापद याच धातूचं. म्हणजे आधी बांधिलकी हवी, मगच ती मोडता येते. मला तरी हाच शब्द जास्त जड वाटतो.

पण ‘हत्तात’ म्हणजे नुसती नजरचूक, असं म्हणून सुटता येत नाही. मालक पोटीफरच्या बायकोनं शय्येला बोलावल्यावर तिला नकार देताना गुलाम योसेफाच्या तोंडी (बायबलमधलं ‘उत्पत्ती’ ३९:९) तोच धातू आहे, आणि तिथे तर सगळं जाणूनबुजूनच झालं असतं.