ती काच माझ्या डोळ्यांदेखत कापली होती

ऑफिसात काचेचं पार्टिशन करून घेणार असाल तर आधी एवढं वाचा. टफन काच, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली काच, एकदा भट्टीतून बाहेर आली की ती कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही, कड घासून लहान करता येत नाही. तुमच्या साइटवर टफन म्हणून आणलेली काच कोणी कापताना दिसला, तर काम तिथल्या तिथे थांबवा. मला हे माहीत नव्हतं. म्हणून आमच्याकडच्या एका मुलीच्या हाताला सात टाके पडले.

आम्ही कंपन्यांना माणसं शोधून देतो. दिवसभर मुलाखती आणि पगाराची बोलणी चालतात. नोकरी गेलेला माणूस समोर बसून मन मोकळं करतो, असंही होतं. नव्या जागेत उजेड एकाच बाजूने येत होता. मुलाखतीच्या खोल्या प्लायने बंद केल्या असत्या तर आतली अर्धी माणसं दिवसभर ट्यूबलाइटखाली बसली असती. म्हणून काच ठरवली. तो निर्णय मला आजही चुकीचा वाटत नाही.

कंत्राटदार ओळखीतून आला होता. त्याने टफन काचेचा फूटभर तुकडा आणला, दोन विटांवर ठेवला आणि त्यावर उभा राहिला. मग हातोडी मारून दाखवली, काच हलली नाही. शेवटी कडेच्या कोपऱ्यावर टोकदार खिळा ठेवून ठोकला, तेव्हा सगळ्या तुकड्याचा खडीसाखरेसारखा चुरा झाला. "मॅडम, फुटली तरी कोणाला लागणार नाही," तो म्हणाला. त्यात खोटं काहीच नव्हतं. साधी काच ६०० अंशांच्या वर तापवून गार हवेच्या झोतांनी झटकन थंड केली की तिचे दोन्ही पृष्ठभाग आवळले जातात आणि पोटात ताण कोंडून राहतो. त्यामुळे ती चार-पाच पट मजबूत होते आणि फुटली तर तो ताण एकदम सुटून तिचे बोथट कण होतात. कापता न येण्याचं कारणही हेच. पृष्ठभागाच्या आत कटर गेला की संपलं. तुकडा खरा होता, त्याच्या कोपऱ्यातला टफन असल्याचा मार्कही खरा होता. आमच्याकडे आली ती काच वेगळी होती.

कोटेशनमध्ये लिहिलं होतं: १२ मिमी टफन काच, साउंडप्रूफ. बहुतेक पैसे काच बसायच्या आधीच देऊन झाले होते.

बसवायच्या दिवशी एक तावदान दोन बोटं मोठं निघालं. मिस्त्रीने ते घोंगडीवर आडवं केलं, कटरने सरळ रेघ ओढली, खालून टकटक करत ठोकलं आणि पट्टी अलगद सुटी केली. कुलपाचं भोकही तिथेच पाडलं. मी शेजारी उभी होते. त्याच्या हातातली सफाई बघून मला कौतुक वाटलं, इतकं की मी मोबाइलवर त्याचं चित्रण केलं आणि आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं. नव्या जागेचा आनंद होता.

पहिली शंका आवाजावरून आली. बाहेर बसलेला एक उमेदवार मला म्हणाला, "आधीच्या बाईंना तुम्ही किती पगार सांगितलात ते मला ऐकू आलं." मला अंगावर पाणी पडल्यासारखं झालं. ज्या माणसांनी विश्वासाने बोलावं म्हणून खोल्या केल्या, त्यांचं बोलणं बाहेर जात होतं. कंत्राटदाराने ४५ डेसिबलचा कॅटलॉग दाखवला होता. तो आकडा मधे पोकळी सोडलेल्या दुहेरी काचेचा होता. एकेरी १२ मिमी काच प्रयोगशाळेतसुद्धा ३५ डेसिबलच्या आसपासच आवाज अडवते, आणि प्रयोगशाळेत दाराखाली फट नसते. शिवाय आमची काच फॉल्स सीलिंगपाशी थांबली होती. वर छतापर्यंतची पोकळी सगळ्या खोल्यांना सामाईक, त्यामुळे आवाज वरून फिरून शेजारी उतरत होता. "साउंडप्रूफ" या शब्दाला काही अर्थ नाही. किती डेसिबल, तो आकडा नुसत्या काचेचा की दार-चौकटीसकट भिंतीचा, आणि फॉल्स सीलिंगच्या वर काय भरणार, हे तीन प्रश्न लिहून विचारा. मी विचारले नाहीत, आणि ते मला अजून लागून राहिलं आहे.

पुढच्याच महिन्यात काच फुटली. एकजण खुर्ची मागे सरकवून उठला, खुर्चीचा हात तावदानाच्या खालच्या भागावर आदळला आणि वरून पात्यासारखे लांब तुकडे खाली आले. पलीकडे आमची एक मुलगी फाइल घेऊन उभी होती. तिने हात आडवा धरला म्हणून चेहरा वाचला.

कंत्राटदाराला फोन केला तर शांतपणे म्हणाला, "टफन काच कधीकधी आपोआप फुटते मॅडम, कंपनीचा दोष असतो." या लोकांची अर्धी खरी वाक्यंच जास्त घातक असतात. टफन काच क्वचित आपोआप फुटते हे खरंच आहे. काचेत निकेल सल्फाइडचा बारीकसा कण राहिला तर तो पुढे कधीतरी फुगतो आणि काच तडकते. ते टाळायला कारखान्यात काच २५० अंशांच्या पुढे काही तास तापवून ठेवतात, म्हणजे सदोष काच तिथेच फुटते. पण आपोआप फुटो की मार लागून, टफन काचेचा चुराच होतो. आमच्या फरशीवर हातभर लांबीचे सुरे पडले होते.

मग एक ओळखीचे इंजिनिअर आले. त्यांनी एका तावदानामागे लॅपटॉपचा पांढरा पडदा धरायला लावला आणि स्वतः पोलराइज्ड (चकाकी अडवणारा) गॉगल घालून, मान तिरकी करत बघितलं. टफन काचेत अशा वेळी भट्टीतल्या झोतांमुळे पडलेले काळपट ठिपके-पट्टे दिसतात. आमच्या एकाही तावदानात ते नव्हते. कोपऱ्यातला मार्क त्यांनी नखाने खरवडला तर तो उचकटून हातात आला, पारदर्शक स्टिकर होता. खरा मार्क काचेवर पक्का उमटवलेला असतो, नखाने निघत नाही. शेवटी दाराच्या मोकळ्या कडेला जाडी मोजायचा कॅलिपर लावला. काच १० मिमी निघाली. तावदानं आली तेव्हा वजनावरूनही हे कळलं असतं: १२ मिमी काच चौरस मीटरला ३० किलो भरते, १० मिमी २५ किलो.

मी बिल काढून बघितलं. कोटेशनमध्ये "टफन" होतं, बिलात "क्लिअर ग्लास" एवढंच. हा शब्द चुकून गळलेला नव्हता. "बिलात लिहिलंय तेच दिलंय," असं त्याने नंतर मला ऐकवलं. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, कोटेशन आणि बिल शेजारी ठेवून शब्दन् शब्द जुळवा. टफन, जाडी आणि मार्कावरचं मानक (भारतीय आयएस २५५३, युरोपीय ईएन १२१५० असं काहीतरी) बिलात असल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका. आणि तो हप्ता लहान ठेवू नका.

वकिलांनी पहिला प्रश्न विचारला की काच साइटवर कापल्याचा काही पुरावा आहे का. ग्रुपवर टाकलेलं ते चित्रण तसंच होतं. त्यात कटरचा आवाजसुद्धा स्पष्ट ऐकू येतो. नोटिशीसोबत ते गेल्यावर काचेचे पैसे परत आले. मजुरीचे आणि फिटिंगचे आले नाहीत. त्या मुलीच्या उपचारांबद्दल त्याने एक अक्षर काढलं नाही, ते आम्ही केले.

सगळी काच काढून नवीन बसवली. या वेळी खोल्यांना दोन टफन काचांच्या मधे प्लॅस्टिकचा पातळ थर चिकटवलेली लॅमिनेटेड काच घेतली, वर छतापर्यंत बोर्ड नेऊन पोकळी भरून घेतली, दाराखाली रबरी सील लावलं. कुलपांची भोकं कारखान्यातूनच पाडून आली. एक तावदान मात्र पुन्हा मोठं निघालं, बोटभर. मिस्त्रीने माप घेतलं, मान हलवली आणि ते परत गाडीत चढवलं. नवीन यायला अकरा दिवस लागले. तोवर त्या जागी आम्ही जाड कापडाचा पडदा लावला होता आणि मुलाखती दुसऱ्या खोलीत घेतल्या.