स्वतःचं ओटीटी की दुसऱ्याला हक्क?

लहान मुलांचे, घरच्यांनी मिळून पाहायचे सिनेमे काढणाऱ्या स्टुडिओपुढे दोन वाटा आहेत. डिस्नेने नोव्हेंबर २०१९ मध्ये स्वतःची ओटीटी, म्हणजे इंटरनेटवरून सिनेमे दाखवणारी सेवा काढली. सोनीने तसं न करता २०२१ मध्ये अमेरिकेतले चित्रपटगृहानंतरचे हक्क नेटफ्लिक्सला विकले.

सोनीच्या वाटेत पैसा ठरलेला आणि डोकेदुखी कमी. पण प्रेक्षक कोण, काय पाहतो, ही माहिती दुसऱ्याच्या हाती जाते.

डिस्नेची वाट महागडी. २०२२ या आर्थिक वर्षात स्ट्रीमिंगमध्ये सुमारे ४०० कोटी डॉलरचा तोटा झाला. तिच्या सगळ्या स्ट्रीमिंग सेवांचा मिळून नफा दिसायला २०२४ चा उन्हाळा उजाडला. तरी तिची खरी ताकद इंदूरच्या रामबागेतल्या कुठल्याही मराठी घरात दिसेल. नातू आजीच्या मोबाइलवर तोच कार्टूनपट पुन्हा लावतो. "अरे, कालच पाहिलास ना!" आजी म्हणते, आणि स्वतःही बघत बसते. मोठी माणसं एक मालिका संपली की वर्गणी बंद करतात. मुलं असलेलं घर सहसा तसं करत नाही.

म्हणून जुन्या सिनेमांचा मोठा साठा आणि तोटा सोसायची ऐपत असेल, तरच स्वतःचं ओटीटी काढावं. लहान स्टुडिओने हक्कच विकावेत, पण थोड्या वर्षांसाठी, आणि मराठी डबिंगचे हक्क वेगळे ठेवून. भारतात तर खुद्द डिस्नेनेही रिलायन्सशी हातमिळवणी केली. फेब्रुवारी २०२५ पासून त्यांचं ॲप जिओहॉटस्टार झालं.