सहा पंखे, आणि हवा आत आणणारा एकही नाही

नवा पीसी असेंबल करून घेताना विकणाऱ्याला मी एकच गोष्ट बजावली होती: आत हवा खेळती राहिली पाहिजे. त्याने दोन बाजूंनी काच असलेलं कॅबिनेट पुढे केलं. १२० मिमीचे सहा पंखे: तीन बाजूला, दोन तळाला, एक मागे. दिवे लागले की अगदी मत्स्यालय. मी भाळलो, दुसरं काय!

आठवडाभरातच गेम खेळताना ग्राफिक्स कार्ड ८६ अंशांवर जायला लागलं. पंखे मात्र नुसतं टायपिंग चालू असलं तरी त्याच एका सुरात घोंघावायचे. तक्रार केली तर म्हणे, "लिक्विड कूलर टाकून घ्या, प्रश्न मिटला." टाकला. प्रोसेसर निवला, ग्राफिक्स कार्ड २ अंशांनी आणखी चढलं. जुना कूलर त्याने 'माझ्याकडे ठेवतो' म्हणून ठेवून घेतला, तो आजतागायत.

एकदा सहज बाजूची काच काढून गेम लावला, तर तापमान दहा-बारा अंशांनी उतरलं. काच काढल्यावर इतका फरक पडतो म्हणजे आत ताजी हवाच पोचत नाही. मग टिश्यू पेपरची पट्टी घेऊन एकेका पंख्याबाहेर धरत गेलो. बाजूच्या तिघांनी ती जाळीला चिकटवायला हवी होती. तिघांनीही उडवून लावली. तळाच्या दोघांचं तेच. मागचा पंखा आणि वर बसवलेला लिक्विड कूलरचा रेडिएटर (उष्णता बाहेर टाकणारी जाळी) तर बाहेर फेकण्यासाठीच असतात. म्हणजे आत येणारी हवा फिल्टर चुकवून फटींतून शिरत होती. कॅबिनेटच्या मागे कार्डांच्या जागा झाकणाऱ्या पट्ट्यांवर धूळ का साचायची, ते तेव्हा कळलं.

साध्या पंख्याची देखणी बाजू, जिथे पाती उघडी दिसतात, ती हवा ओढते. मोटर धरणारे दांडे आणि स्टिकर असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. चौकटीच्या कडेला बहुधा दोन बाणही असतात: एक पाती कुठे फिरतात ते दाखवतो, दुसरा हवा कुठे जाते ते. देखणी बाजू कॅबिनेटच्या आत वळवली, तर पंखा आतलीच हवा बाहेर टाकणार. ती बाजू दिसावी आणि हवाही आत यावी यासाठी उलट्या पात्यांचे पंखे मिळतात. माझ्या बिलावर पाच नग उलट्या पात्यांचेच लिहिले होते! बसवले होते साधे.

बिलात 'पीडब्ल्यूएम' हा शब्दही होता, म्हणजे मदरबोर्डला गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करता येणारे पंखे. मागचं झाकण उघडलं, तर सहाही पंखे एका हबला (पंख्यांच्या वायरी एकत्र जोडणाऱ्या डबीला) जोडलेले आणि हबची वायर थेट पॉवर सप्लायच्या मोलेक्सला, म्हणजे नुसती वीज देणाऱ्या कनेक्टरला. मदरबोर्डवरच्या पंख्यांच्या चार पिनांच्या जागा रिकाम्या. मोलेक्समधून सरळ १२ व्होल्ट मिळतात, पंखे कायम पूर्ण वेगाने फिरतात, म्हणून तो अखंड घोंघाट. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) या पंख्यांचा आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे, दिसत नव्हता, हे पहिल्याच दिवशी पाहता आलं असतं. पीसी ताब्यात घेण्याआधी तो आकडा आणि कागदाची पट्टी, दोन्ही विकणाऱ्यासमोरच बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

पाचही पंखे मी स्वतः उलटवले. त्याच गेममध्ये ग्राफिक्स कार्ड आता ७४ अंशांवर थांबतं. काचेतून स्टिकर आणि दांडे दिसतात, दिसू देत. फोन करून त्याला जाब विचारला, तर क्षणभर गप्प बसला आणि म्हणाला, "अहो, सरळ लावले असते तर तुम्हीच म्हणाला असता, दिवे नीट दिसत नाहीत."