एक हिवाळा काढल्यावर: कोरोलात घरीच बसवलेले सीट हीटर आणि सीट कव्हर

ओटावात जानेवारीत पारा उणे वीसच्या खाली जाणं ही बातमी नसते. माझ्या २०१४ च्या कोरोलाला कापडी सीट होत्या, हीटर नव्हते, आणि कापड रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकतात त्या मिठाने व कॉफीने पार डागाळलेलं होतं. म्हणून ऑक्टोबरमध्ये, थंडी पडायच्या आत, दोन गोष्टी ऑनलाइन मागवल्या: कार्बन फायबरचे हीटर पॅड आणि मूळ कापड काढून त्याजागी चढवायची लेदरेटची, म्हणजे नकली चामड्याची, कव्हरं. आता पुन्हा उन्हाळा आलाय, तेव्हा लिहायला हरकत नाही.

हीटर उत्तम. कव्हरबद्दल मात्र माझं मत हिवाळाभरात खाली खाली येत गेलं.

गाडीच्या नेहमीच्या हीटरला इंजिन तापावं लागतं. कडाक्याच्या थंडीत दहा मिनिटांच्या प्रवासात ते धड तापतही नाही, ऑफिस येतं तेव्हा कुठे ऊब लागते. पॅड थेट बॅटरीवर चालतात, दोन-तीन मिनिटांत कंबर शेकायला लागते. बसायचा आणि पाठीचा असे दोन पॅड मिळून साधारण चार-पाच अँपिअर घेतात, म्हणजे पन्नास-साठ वॅट. माझ्या किटमधला स्विच साधा, दाबून तसाच राहणारा आहे. त्यामुळे घरातून रिमोटने गाडी सुरू केली की सीटही आपोआप तापू लागते. किट घेताना स्विच असाच आहे ना ते बघा. बटणाचे इलेक्ट्रॉनिक स्विच बऱ्याचदा गाडी बंद झाली की सगळं विसरतात.

कनेक्शन फ्यूज बॉक्समधून घेतलं, तेही चावी फिरवल्यावरच वीज येणाऱ्या जागेतून, वेगळा फ्यूज टाकून. सिगरेट लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसायचा सोपा मार्ग किटवाले सुचवतात. मला तो पटला नाही: वायर पायात येते आणि प्लग सैल झाला की तापतो.

खरा घाम सीट उघडताना निघतो. आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढायचं आणि थांबायचं. टोयोटा किमान ९० सेकंद सांगते, मी चहा करून प्यायलो. सीटखालचा पिवळा कनेक्टर एअरबॅगचा, त्याच्याशी खेळ नाही. सीटचे चार बोल्ट निघाले की मूळ कव्हर फोमच्या खोबणीत धातूच्या कड्यांनी आवळलेलं दिसतं. त्या कड्या पक्कडीने कापायच्या आणि नव्या कड्या त्यांच्या खास पक्कडीने बसवायच्या. ही पक्कड स्वस्तात मिळते, तिच्याशिवाय सुरुवातच करू नका. पॅड खोबणीवरून जातो तिथे सुरकुती पडू द्यायची नाही, नाहीतर तेवढाच भाग जास्त तापतो. लेदरेट आखडलेलं असेल तर हेअर ड्रायरची गरम हवा मारत ताणायचं.

कव्हर घेताना सीटच्या कडेची शिलाई मात्र नीट बघा. साइड एअरबॅग तिथूनच फुटून बाहेर येते, त्यासाठी तिथे मुद्दाम कच्चे टाके हवेत. पहिल्यांदा आलेल्या कव्हरला ते नव्हते, परत पाठवलं. विक्रेत्याचं उत्तर आलं की 'सगळ्या गाड्यांना चालतं'. चालत असेल, माझ्या बरगड्यांना नको.

शेजारच्या सीटला मी हातच लावला नाही. तिथे बसलेल्या माणसाचं वजन ओळखणारे सेन्सर असतात, त्यावरूनच एअरबॅग चालू ठेवायची की बंद हे ठरतं. ती सीट काढली की सेन्सरचं शून्य पुन्हा लावून घ्यावं लागतं, त्याला मशीन लागतं. त्यामुळे दुसरे पॅड पडून आहेत आणि पुढच्या दोन सीट दोन रंगांच्या दिसतात. बायको रोज बोलून दाखवते. आई डिसेंबरात आली तेव्हा तिला मांडीवर गोधडी दिली. तसंही तिला जुना मधुमेह, पायांना जाणीव कमी. अशा माणसाला बराच वेळ सीट हीटरवर बसवलं तर चटका बसतोय हे कळतही नाही, म्हणून मी तिला माझ्या जागेवरही हीटर लावून बसू देत नाही.

आता लेदरेट. गळणारी कॉफी एका फडक्यात पुसली जाते, हे मान्य. पण उणे वीसला ते फरशीसारखं गार आणि कडक असतं. ज्या दिवशी रिमोटने आधी सुरू करायला विसरावं, त्या दिवशी जुनं कापड आठवतं. मार्चपर्यंत बसायच्या कडेला, पाय बाहेर काढताना घासतं तिथे, बारीक भेगा आल्या. जुलैत पाठ चिकटते ती वेगळीच. पॅड जुन्याच कापडाखाली घातले असते तरी शेक तेवढाच लागला असता, आणि मेहनतही तेवढीच.

मागच्या बाकाचं कव्हर अजून खोक्यातच आहे. तिथे मुलीची चाइल्ड सीट बांधलेली असते आणि तिच्या पुस्तिकेत खाली दुसरं कव्हर घालू नका असं स्पष्ट लिहिलंय. कुणाला हवं असेल तर अर्ध्या किमतीत देईन.